नव्यानं मॅनेजर झालात? पहिल्या वर्षात काय शिकायचं आणि कसं

नागपूरजवळचा हिंगणा एमआयडीसीतला कारखाना असो, बुटीबोरीतला प्लांट असो, मिहानमधली आयटी कंपनी असो की वाडीचं गोदाम, बढतीची रीत सगळीकडे सारखीच. सगळ्यांत चांगलं काम करणाऱ्याला एक दिवस केबिनमध्ये बोलावतात, हातात पत्र देतात आणि सांगतात, उद्यापासून ही टीम तुमची. पगार थोडा वाढतो, गळ्यातल्या कार्डावरचा हुद्दा बदलतो. कालपर्यंत स्वतःच्या हातानं काम करणाऱ्या माणसाला आता दुसऱ्यांच्या हातून काम करून घ्यायचं असतं, आणि ते कसं करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

हा लेख अशा मंडळींसाठी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. व्यवस्थापन कामावरच शिकता येतं, पण नुसती वर्षं गेली म्हणून ते येत नाही. एका वेळी एकच कौशल्य धरायचं, तीनेक महिने रोजच्या कामात ते वापरायचं, काय झालं ते लिहून ठेवायचं, आणि जमलं की नाही ते आपल्या माणसांच्या कामात तपासायचं. बाकी सगळं या एका सवयीला धरून येतं.

आधी एक भीती काढून टाका

नव्या मॅनेजरला सगळ्यांत जास्त छळते ती भीती अशी: टीममधल्या प्रत्येकाचं काम मला त्याच्यापेक्षा चांगलं आलं पाहिजे, नाहीतर कोण ऐकेल? नागपूरच्याच इतिहासात याचं उत्तर आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. मॅनेजर म्हणून त्यांनी निवडले बेझनजी दादाभाई मेहता. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले, कापडगिरणीचा अनुभव शून्य. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या जाणकार तंत्रज्ञाकडे होती. मेहतांकडे माणसं आणि काम यांची घडी बसवण्याची हातोटी होती, आणि जमशेटजींना मॅनेजरमध्ये नेमकी तीच हवी होती.

रॉबर्ट कॅट्झ या अमेरिकी अभ्यासकानं १९५५ साली हीच गोष्ट नीट मांडली. मॅनेजरची कौशल्यं त्यानं तीन प्रकारांत विभागली: कामाचं तंत्र, माणसांशी वागणं, आणि सगळं चित्र एकत्र बघण्याची क्षमता. सुपरवायझरला तंत्र बरंच लागतं. जसजसं वर जावं तसं तंत्राचं वजन कमी होतं आणि चित्र बघण्याचं वाढतं. माणसांशी वागणं मात्र सगळ्या पायऱ्यांवर लागतं. आपल्याकडे बढती मिळते पहिल्या कौशल्यावर आणि परीक्षा होते दुसऱ्याची. म्हणून खालच्या क्रमात मी माणसांच्या बाजूला जास्त जागा दिली आहे.

पहिला आठवडा: साहेबांकडून तीन उत्तरं घ्या

जॉब डिस्क्रिप्शनचा कागद वाचा, पण त्यावर थांबू नका. तुमच्या वरिष्ठांकडे अर्धा तास मागा आणि तीन प्रश्न विचारा. सहा महिन्यांनी माझं काम चांगलं चाललंय असं तुम्ही कशावरून म्हणाल? कोणते निर्णय मी न विचारता घ्यायचे आणि कोणते विचारून? कोणती बातमी तुम्हाला रात्री अकरालासुद्धा कळायला हवी?

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक साहेब गोल उत्तर देतात: "अरे, तू बघून घे." तिथे सोडू नका. उदाहरणं पुढे ठेवा. पाच हजारांचा स्पेअर पार्ट मागवू का? कुणाला रविवारी बोलावू का? ग्राहकाला दोन दिवसांची मुदत वाढवून देऊ का? उत्तरं मिळाली की त्याच संध्याकाळी मेल किंवा व्हॉट्सॲपवर चार ओळींत लिहून पाठवा, "सर, आज ठरलं ते असं." पुढे वाद झालाच तर हा मेसेज उपयोगी पडतो, पण त्याचा खरा फायदा वेगळा आहे. लिहिताना आपल्यालाच कळतं की कुठली गोष्ट अजून धूसर आहे.

पहिला महिना: एकेकाशी स्वतंत्र बोला

टीममधल्या प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं द्या. केबिनमध्ये बोलावलं की माणूस आखडतो, म्हणून शॉपफ्लोअरच्या कडेला किंवा गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बोललेलं बरं. फक्त आजूबाजूला दुसरं कुणी ऐकत नाही एवढं बघा. विचारायचं साधंच: तुमच्या कामात रोज कुठे अडतं? इथली कोणती गोष्ट अजिबात बदलू नये असं वाटतं? मागच्या साहेबांचं काय आवडायचं? तुम्हाला पुढे काय शिकायचंय?

या महिन्यात उत्तरं द्यायची नाहीत, आश्वासनं तर नाहीच. ऐकायचं आणि टिपून घ्यायचं. एखादी छोटी अडचण लगेच सुटण्यासारखी असेल, म्हणजे बंद पडलेला कूलर, तुटलेली ट्रॉली, संपलेले हातमोजे, तर ती त्याच आठवड्यात सोडवा. त्यानं जेवढा विश्वास मिळतो तेवढा कुठल्याही भाषणानं मिळत नाही.

भाषेचं आणि मानाचं भान इथेच ठेवायचं. नागपूरच्या कारखान्यांत भंडारा-गोंदियाचे, वर्धा-यवतमाळचे लोक असतात, तसे छिंदवाडा, बालाघाटकडचेही असतात. ज्याला हिंदी सोयीची त्याच्याशी हिंदीत बोला, काही बिघडत नाही. पंचविशीतला इंजिनीअर पन्नाशीच्या ऑपरेटरला पहिल्याच दिवशी नावानं हाक मारतो तेव्हा तो ऑपरेटर काही बोलत नाही, पण मशीनच्या आवाजावरून त्याला जे कळतं ते तो तुम्हाला सांगणंही बंद करतो. "काका, हे जरा समजावून सांगा ना" म्हटल्यानं कुणाचा हुद्दा कमी होत नाही.

दुसरा ते चौथा महिना: काम सोपवायला शिका

पहिलं कौशल्य म्हणून मी हेच धरायला सांगतो, कारण हे जमलं नाही तर बाकीचं शिकायला वेळच उरत नाही. नवा मॅनेजर दिवसभर माणसं सांभाळतो आणि सात वाजल्यानंतर स्वतःचं जुनं काम करत बसतो. "मीच केलं तर लवकर होतं" हे आजच्यापुरतं खरं असतं. वर्षभरानंतर मात्र तोच माणूस टीमची सगळ्यांत मोठी अडचण झालेला असतो.

काम सोपवण्याआधी ते शिकवावं लागतं. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चांगली पद्धत तयार झाली. अनुभवी कामगार सैन्यात गेले होते आणि नवख्या लोकांकडून झटपट उत्पादन काढायचं होतं. 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या कार्यक्रमानं सुपरवायझरना शिकवण्याच्या चार पायऱ्या दिल्या. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि तिथल्या कारखान्यांत खोल रुजली. आपण ती वाडीच्या एका गोदामात लावून बघू.

समजा ट्रक भरण्याचं काम एका मुलाला द्यायचंय. गाडी अमरावतीला थोडा माल उतरवून पुढे अकोल्याला जाणार आहे.

पहिली पायरी तयारीची. त्याला विचारा, यातलं काय काय येतं? चलान वाचता येत असेल तर तिथून सुरुवात करू नका. काम महत्त्वाचं का आहे तेही सांगा: चुकीच्या क्रमानं भरलेली गाडी अमरावतीला अर्धी रिकामी करून पुन्हा भरावी लागते आणि अकोल्याची वेळ हुकते.

दुसरी पायरी करून दाखवण्याची. एक एक टप्पा, आणि प्रत्येक टप्प्यावर कळीचा मुद्दा व त्याचं कारण. अकोल्याचा माल आधी, आत. अमरावतीचा नंतर, दाराजवळ, कारण जो आधी उतरणार तो शेवटी चढतो. जड खोकी खाली, हलकी वर, कारण खालचं दबलं की ग्राहक माल परत पाठवतो. सील लावण्याआधी ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या ऑनलाइन जीएसटी कागदाची, मुदत बघायची, कारण साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो आणि अकोला त्याहून लांब आहे. लोक नेमकं हे 'कारण' सांगायचं टाळतात. पण कारण माहीत नसलेला माणूस पहिल्या वेगळ्या प्रसंगाला अडखळतो आणि तुम्हाला फोन करतो.

तिसरी पायरी: आता तो करेल, आणि करता करता तोंडानं सांगेल की तो काय करतोय आणि का. चुकला तर तिथल्या तिथे थांबवा. न चुकता सांगेपर्यंत पुन्हा करू द्या.

चौथी: त्याला एकट्याला सोडा. अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगून ठेवा. सुरुवातीला रोज, मग आठवड्यातून दोनदा, मग अधूनमधून बघा. या कार्यक्रमाचं एक सूत्र होतं: शिकणाऱ्याला आलं नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलंच नाही. मॅनेजरच्या टेबलावर लावून ठेवावं असं हे वाक्य आहे.

शिकवून झालं तरी गोंधळ एका ठिकाणी होतोच: सोपवलं म्हणजे नक्की किती? म्हणून काम देताना अधिकाराची पातळी बोलून दाखवा. "बघून ये आणि मला सांग" ही एक पातळी. "दोन-तीन पर्याय घेऊन ये, ठरवू" ही पुढची. "तू ठरव, पण करण्याआधी सांग." "करून टाक, मग सांग." आणि शेवटी, "हे तुझंच, मला सांगायचीही गरज नाही." एकाच माणसाला एका कामात पाचवी पातळी आणि दुसऱ्या कामात पहिली देता येते. पातळी न सांगता काम दिलं की कुणी प्रत्येक गोष्टीला विचारायला येतो, कुणी लाखाची ऑर्डर परस्पर देऊन मोकळा होतो, आणि दोघांनाही ओरडा बसतो.

चूक सांगण्याची रीत

दुसरं कौशल्य बोलण्याचं, आणि त्यातही चूक दाखवण्याचं. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक तर चारचौघांत झापणं, नाहीतर महिनोन्महिने काहीच न बोलता अप्रेझलच्या वेळी सगळं बाहेर काढणं.

एक सोपा साचा आहे: प्रसंग, वागणं, परिणाम. कधी आणि कुठे झालं, नेमकं काय केलं किंवा केलं नाही, त्यामुळे काय झालं. त्या माणसाच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नाही. "तुम्ही लोक लक्षच देत नाही" हे वाक्य कुणालाच काही शिकवत नाही. त्याऐवजी, बाजूला घेऊन:

"दादा, काल रात्रपाळीत तीन नंबरच्या मशीनचं तापमान लॉगबुकात लिहिलेलं नव्हतं. सकाळच्यांना कळलं नाही, पहिला लॉट बाजूला काढावा लागला. काय झालं होतं?"

आणि इथे गप्प बसायचं. हे सगळ्यांत अवघड. समोरच्याला बोलायला थोडा वेळ लागतो.

"सर, दोन वाजता लाइट गेली होती ना जी. डिझेल जनरेटरवर मशीन घेता घेता लिहायचं राहून गेलं. आणि लॉगबुक तिकडं ऑफिसात असते."

आता खरी गोष्ट हाती आली. लॉगबुक मशीनपासून लांब आहे, आणि लाइट गेली की एकटा माणूस दोन्हीकडे पुरत नाही. मशीनलाच क्लिपबोर्ड टांगला की अर्धा प्रश्न सुटतो. झापून हे कधीच कळलं नसतं. अर्थात दर वेळी कारण व्यवस्थेतच असेल असं नाही. तोच माणूस, तेच कारण पुन्हा पुन्हा येऊ लागलं तर मग स्पष्ट बोला, तारीख ठरवा आणि लिहून ठेवा.

कौतुकालाही हाच साचा वापरा. "छान काम" म्हणण्यापेक्षा "काल गाडी उशिरा आली तरी तुम्ही थांबून माल मोजून घेतलात, म्हणून आज सकाळी डिस्पॅच अडला नाही" हे सगळ्यांसमोर म्हणा. माणसाला कळतं की साहेब बघतात.

आकडे

शॉपफ्लोअर किंवा सेल्समधून वर आलेले पुष्कळ जण हिशेबाला घाबरतात. अकाउंट्समधल्या एखाद्या सहकाऱ्याला तर्री पोहे खाऊ घाला आणि आपल्या विभागाचा नफा-तोटा समजून घ्या. दोन-चार बैठकांत जमतं. कुठून सुरू करायचं म्हणाल तर हे एक गणित करून बघा.

१०० रुपयांच्या वस्तूवर २५ रुपये ढोबळ नफा आहे. ग्राहक १० टक्के सूट मागतो, सेल्सवाला म्हणतो देऊन टाका, विक्री वाढेल. सूट दिल्यावर वस्तू ९० ला गेली आणि नफा १५ उरला. पूर्वीइतकाच नफा हवा असेल तर किती नग विकावे लागतील? २५ भागिले १५, म्हणजे जवळजवळ ६७ टक्के जास्त. हे एकदा स्वतःच्या हातानं कागदावर मांडलं की "थोडी सूट द्या ना" हे वाक्य वेगळंच ऐकू येतं.

तसंच उधारीचं. नफा वहीत दिसतो, पण पगार बँकेतल्या पैशांतून होतो. लघुउद्योगांत काम करत असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यातली तरतूद माहीत असू द्या: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. तुमच्या विभागातली कोणती बिलं त्यापलीकडे गेली आहेत, हे तुम्हाला न बघता सांगता यायला हवं.

नागपूरचं वर्ष आधीच कागदावर मांडा

कॅट्झच्या तिसऱ्या कौशल्याचा, म्हणजे एकत्र चित्र बघण्याचा, सराव कसा करायचा? माझ्या मते सगळ्यांत चांगला सराव म्हणजे वर्षाचं कॅलेंडर. जुलैत भंडारा-गोंदियाकडची माणसं धानाच्या रोवणीला गावी जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. इतवारी-महालच्या बाजूनं गाड्या नेण्याचा विचार त्या दिवशी करूच नये. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, मोर्चे, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते वळवलेले. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, आणि वर नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. पारा ४५ च्या पुढे गेला की पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला माणसाकडून सकाळइतकं काम होत नाही. त्याला आळस म्हणणं अन्याय आहे.

हे सगळं दरवर्षी ठरल्या वेळी येतं, तरीही दरवर्षी अनेक ठिकाणी जुलैत "माणसंच नाहीत" अशी धावपळ होते. मे महिन्यातच रजांची यादी मागवा, कुणाच्या जागी कोण ते ठरवा, उन्हाळ्यात जड काम सकाळी घ्या, पाण्याची आणि सावलीची सोय आधी करा.

गैरहजेरीचा प्रश्न काही नवा नाही. एम्प्रेस मिललाही तो सुरुवातीपासून भेडसावत होता. तिथे निव्वळ दंडावर भर न देता १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची योजना सुरू झाली. माणूस का येत नाही याचा विचार आधी केला गेला. शिफ्ट मॅनेजरच्या हातात फंड नसतो, पण हा विचार करणं त्याच्या हातात असतं.

कायद्याची किमान ओळख

वकील व्हायची गरज नाही. कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा तासांना दुप्पट दर, एवढं पक्कं माहीत हवं. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती लागते. कुणी तक्रार घेऊन आलं तर स्वतः मिटवायला बसू नका, समितीकडे जायचा रस्ता दाखवा आणि बाहेर एक शब्द बोलू नका. समितीत कोण आहे ते आजच विचारून घ्या.

कोर्स करावा का?

करावा, पण पहिल्याच वर्षी घाईनं नको. प्रश्न आधी अंगावर आलेले असले की वर्गातलं बोलणं डोक्यात बसतं. नागपुरात आता पर्याय चांगले आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या आयआयएम नागपूरचा कॅम्पस मिहानमध्ये आहे आणि नोकरी करणाऱ्यांसाठीही तिथे कार्यक्रम असतात. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रं शहरात आहेत. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या उद्योजकांच्या संघटना व्याख्यानं, कार्यशाळा घेतात. खिशाला काहीच लावून घ्यायचं नसेल तर स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी मंचांवर व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम मोफत बघता येतात. पैसे फक्त परीक्षेला भरायचे.

पैसे भरण्याआधी स्वतःला एकच विचारा: हे शिकून पुढच्या महिन्यात मी कोणतं काम वेगळ्या पद्धतीनं करणार? उत्तर सुचलं नाही तर थांबा.

प्रशिक्षणवाले ७०:२०:१० हा हिशेब हमखास सांगतात: ७० टक्के शिकणं कामातून, २० इतरांकडून, १० वर्गातून. मॅनेजरांनी स्वतःच्या आठवणीतून सांगितलेल्या गोष्टींवरून हे गोल आकडे आले आहेत, त्यामुळे त्यांना नियम समजू नका. रोख मात्र बरोबर आहे.

डायरी आणि एक बाहेरचा माणूस

शनिवारी निघण्याआधी वीस मिनिटं काढा. या आठवड्यात कोणतं काम मी दुसऱ्याला द्यायला हवं होतं? कुणाशी बोलायचं टाळलं? कोणता निर्णय घेतला आणि त्यातून काय होईल असं मला वाटतं? शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. व्यवस्थापनाचे नामवंत अभ्यासक पीटर ड्रकर हाच सल्ला द्यायचे: महत्त्वाचा निर्णय घेताना अपेक्षा लिहून ठेवा आणि नऊ-बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून बघा. आपला अंदाज नेमका कुठे चुकतो, माणसांबाबत की वेळेबाबत की पैशांबाबत, हे वर्षभरात स्वच्छ दिसतं. आठवणीवर विसंबलं तर दिसत नाही, कारण आठवण आपल्या बाजूनं बोलते.

आणि दुसऱ्या कंपनीतला एक अनुभवी माणूस शोधा, जो तुमच्या पगारावर परिणाम करू शकत नाही आणि खरं बोलतो. महिन्यातून एकदा भेटा. "मार्गदर्शन करा" असं मोघम म्हणू नका, डायरीतला एक प्रसंग समोर ठेवा आणि "तुम्ही काय केलं असतं?" एवढं विचारा.

वर्षाच्या शेवटी सुट्टी घ्या

सलग आठवडाभर, फोन बंद ठेवून. साहेबांना आधी सांगा, टीममधल्या एकाला अधिकाराच्या पातळीसह जबाबदारी द्या आणि खरंच जा. परत आल्यावर तीन गोष्टी बघा. कोणते निर्णय तुमच्यासाठी अडून राहिले? कोणते तुमच्याशिवाय झाले आणि बरे झाले? कुणी अचानक पुढे येऊन काम ओढलं? अडून राहिलेल्यांतलं पहिलं काम घ्या, ते कुणाला शिकवायचं त्याचं नाव समोर लिहा, आणि सोमवारी त्याला बोलवा.